देवणीचा ठिपका

पंचफुला, परवा देगलूरला तू गेल्यावर झालेल्या जलदानाच्या कार्यक्रमात मला माईकसमोर उभं केलं आणि मला बोलता आलं नाही. मला! जिच्या बडबडीला कंटाळून तू एसटीत खिडकीकडं तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचीस, तिला. त्रिसरण-पंचशील झालं, लोकांनी फोटोला फुलं वाहिली, तुझी नोकरी, तुझ्या विद्यार्थिनी, सगळं कुणी ना कुणी सांगून झालं. मग तुझा भाऊ म्हणाला, "इंदूताई, तुमी दोगी जिनगीभर संगं होता. तुमी बोला." मी उभी राहिले. तोंडातून एवढंच निघालं, "तिचं आणि माझं एक भांडण राहिलंय." लोक एकमेकांकडं बघायला लागले. मी खाली बसले. म्हणून आता लिहिते आहे. लिहिताना मधे कुणी टोकत नाही, तू पण नाही.

भांडण कशाचं, ते तुझ्या भावालाही कधी नीट कळलं नसेल. एका मोहरीएवढ्या किड्याचं. वठलेल्या आंब्याच्या, चिंचेच्या खोडाला पावसाळ्याच्या शेवटी टणक अळंबी फुटते, आडवी, अर्ध्या भाकरीसारखी. तिच्या पोटात हा किडा राहतो. तिथंच खातो, तिथंच अंडी घालतो, आणि अळंबीचा पार भुगा झाला की दुसरं खोड शोधायला उडून जातो. पुस्तकातलं त्याचं नाव जिभेला गाठ मारणारं, म्हणून आपण त्याला मोहरी म्हणायचो आणि अळंबीला भाकर. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये तू म्हणायचीस, "यंदा भाकरी बऱ्या हायत इंदे, पण मोहरीच न्हाई," तेव्हा मराठीच्या बाईंना वाटायचं, ह्या दोघी स्वयंपाकाचं बोलून राहिल्यात. एकदा तर त्यांनी खरंच पुडी भरून मोहरी आणून दिली होती. आपण ती फोडणीला वापरली.

नांदेडला आपल्या दोघींच्या भाड्याच्या खोलीत भिंतीवर नकाशा होता. जिथं मोहरी सापडली त्या गावावर काळ्या शाईचा भरीव ठिपका. देगलूरला ठिपका, विष्णुपुरीच्या वर गोदावरीच्या काठाला ठिपका, किनवटच्या जंगलात दोन-तीन. हा किडा आपल्या भागात कुठं राहतो, कुठल्या झाडावर राहतो आणि कुठं त्याची हद्द संपते, एवढंच आपल्याला शोधायचं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. पण सगळे ठिपके नांदेडच्या बाजूला. लातूरची बाजू कोरी. आणि मी देवणीची. मला माझ्या गावाला एक ठिपका पाहिजे होता गं. तू दिला नाहीस. मरेपर्यंत दिला नाहीस.

त्याच सुमाराला उस्मानाबाद तोडून लातूर जिल्हा वेगळा झाला. आमच्याकडं गुलाल काय, फटाके काय! मी गावाहून पेढे घेऊन आले. तू दोन पेढे तोंडात टाकलेस, नकाशाकडं बघितलंस आणि म्हणालीस, "लातूरला कलेक्टर आला, एस्पी आला. किडा अजून मंजूर न्हाई झाला." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, नवी हद्द तरी आख. तर तू ती पेन्सिलीनं आखलीस. शाईनं का नाही, म्हणून मी भांडले, तेव्हा म्हणालीस, "आमच्या आज्याच्या वक्ताला तुमचं उदगीर बिदरमधी होतं. मग उस्मानाबादेत गेलं, आता लातूरात. उद्या कुठं जाईल काय ठावं? मोहरीला फकस्त एवढं कळतं की हितं वठलेला आंबा हाय का न्हाई." पेढ्याचा पुडा मात्र तूच संपवलास.

तुला किड्यांचं हे वेड कुठून लागलं, ते तू मला एकदाच सांगितलंस. बहात्तरच्या दुष्काळात तुझी माय आणि बाप खडी फोडायला जायचे आणि तू धाकट्या भावाला कडेवर घेऊन तिथंच बसायचीस. सरकारची सुकडी मिळायची, अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. मिलोत किडे असायचे. बाकीची पोरं ते वेचून फेकायची आणि तू तळहातावर घेऊन बघत बसायचीस. "ह्येला बी भूकच लागली होती की," तू म्हणालीस. "म्या म्हणलं, आपल्यापरीस ह्येचं बरं हाय. ह्येला दाणा सापडला." हे सांगताना तू हसत होतीस. मी हसले नाही. आमच्या घरी त्या साली विहीर आटली, गोठ्यातली जनावरं छावणीत गेली, पण चूल पेटायची. ती गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. तुला माहीत असणारच.

त्या दुष्काळात आपल्या भागातले आंबे वाळले, चिंचा वाळल्या. नंतरचे पावसाळे बरे झाले तशा त्या खोडांवर भाकरी फुटल्या आणि मोहरीची चंगळ झाली. हे तुझंच म्हणणं. "दुष्काळानं आपल्या ताटातली भाकर काढली आन् ह्येंच्या ताटात वाढली," असं तू म्हणायचीस. मी चिडायचे. म्हटलं, मग काय दुष्काळाचे आभार मानू? तू म्हणालीस, "आभार नको मानू. पण जे हाय ते हाय. खोटं कामून बोलायचं?" ह्याच्यावर आपण देगलूर ते नांदेड अख्ख्या प्रवासात भांडलो. कंडक्टरनं शेवटी तुझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या अळंबीकडं बघून विचारलं, "बाई, ही भाजी कशी करावं लागती?" तू गंभीर तोंडानं म्हणालीस, "लई शिजवावं लागती भाऊ. आमची अजून शिजून राहिली."

पहिली मोहरी सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तो दिवस मला अजून दिसतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मागच्या खिडकीपाशी. बाहेर काढलेल्या मोहऱ्या तू देगलूरच्या बाजारातल्या बायांसारखी तेलुगूत मोजत होतीस, वकटी, रेंडू, मूडू. मग मला हाक मारलीस, "इंदे, ये लवकर!" मी डोळा लावला. एवढासा जीव, नखावर मावेल असा, तपकिरी, अंगावर बारीक लव. आणि डोक्यावर दोन शिंगं! खरीखुरी, पुढं आलेली. नराला शिंगं, मादीला नाही. मी ओरडले, "अगं, हा तर आमच्या देवणीचा बैल!" तू इतकी हसलीस की खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसलीस. तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं की ज्याला अशी शिंगं आहेत तो देवणीत नसेल असं होऊच शकत नाही. हे काही शास्त्र नव्हे, मला कळतं. पण माझ्या वडिलांनी जन्मभर देवणी बैल सांभाळले होते आणि मला ते खरंच वाटायचं.

तुझे दोन नियम होते. एक, भाकर अर्धीच काढायची. कितीही छान असो, चाकूनं मधून कापायची, अर्धी बरणीत आणि अर्धी झाडाला. "त्येच्या घरातलं सगळंच उचलून आणायचं का?" बरणीच्या तोंडाला मलमलचं कापड बांधायचं आणि वाट बघायची. आतल्या आळ्यांचे किडे होऊन ते आपणहून बाहेर येईपर्यंत भाकर फोडायची नाही, ढवळायची नाही. आळीवरून काही कळत नाही, नराची शिंगं दिसली म्हणजेच मोहरी. आणि दुसरा नियम, दोघींनी पाहिल्याशिवाय नकाशावर ठिपका नाही. हा तू स्वतःवरच लावून घेतलेला. विष्णुपुरीला एकदा तू एकटीनं बघून ठिपका दिला होतास आणि नंतर तो किडा दुसराच निघाला. तू ब्लेडनं तो ठिपका खरवडून काढलास. नकाशाला तिथं भोक पडलं, ते अजून आहे. पुढं त्याच काठाला दोघींनी मिळून खरी मोहरी धरली, तेव्हा नवा ठिपका त्या भोकाच्या शेजारी दिलास. मला तेव्हा वाटलं होतं, काय बाई आहे ही, स्वतःचीच कान धरून परीक्षा घेते.

आणि मग ती देवणीची भाकर. नवा जिल्हा झाला त्याच्या पुढच्या वर्षी, ओढ्याच्या काठच्या आमच्या वठलेल्या आंब्याला मला ती सापडली. अर्धी कापली, बरणीत भरली, मांडीवर धरून नांदेडला आणली. तू तेव्हा उजळणी वर्गाला औरंगाबादला गेली होतीस. उन्हाळा लागला होता. एका सकाळी कापडाला आतून मोहऱ्या चिकटलेल्या दिसल्या. मी भिंग लावलं. शिंगं! आता तू आलीस की तुझं नाक कापते, म्हणून मी बरणी फळीवर तशीच ठेवली आणि तासाला गेले.

तुझी माय तेव्हा आपल्याकडं राहायला आली होती. मी तिला मावशी म्हणायचे. मावशी म्हणजे हाताला काम नसलं की आजारी पडणारी बाई. तिनं फळी पुसायला घेतली, बरणी दिसली, आत भुगा, किडे. आपल्या घरात तूरडाळीला किडे लागले तर बाई काय करते? तेच मावशीनं केलं. सुपात ओतलं, वर कडुनिंबाचा पाला टाकला, गच्चीवर कडक उन्हात ठेवलं. किडे गेले ते गेले. आणि उरलेलं वाळून कडक झालं म्हटल्यावर संध्याकाळी अंघोळीच्या बंबात घातलं. मी घरी आले तर मावशी कौतुकानं सांगते, "लई किडं झालं होतं माय त्येला. पर जळलं कसं झकास! पानी पटकन तापलं." मी गच्चीवर जाऊन रडले. खाली आले तर मावशीनं माझ्यासाठी पाणी काढून ठेवलेलं. त्या पाण्यानं मी अंघोळ केली.

तू आलीस. सगळं ऐकलंस. हसू दाबायला पदर तोंडात कोंबलास, मी बघितलं. मग मायजवळ जाऊन तिला म्हणालीस, "बराबर केलंस तू." आणि मला म्हणालीस, "पुढच्या साली पुन्हा बघू." मी म्हटलं, पुन्हा कशाला? मी बघितलंय, ठिपका दे. तू म्हणालीस, "म्या न्हाई बघितलं." मी म्हटलं, तुझ्याच मायनं जाळलं! तू म्हणालीस, "हाव. मायनंच जाळलं. तरी बी म्या न्हाई बघितलं." बराच वेळ भांडल्यावर तू तोड काढलीस. नकाशात पोकळ गोल काढायचा. म्हणजे, एकीनं बघितलंय, दुसरीनं बघायचं बाकी आहे. मी म्हटलं, द्यायचा तर भरीव दे, नाहीतर राहू दे. पोकळ ठिपका माझ्या गावाला नको. त्या रात्री आपण एकमेकींशी न बोलता जेवलो, आणि मावशी दोघींच्या ताटात तूप वाढत राहिली.

पुढच्या साली देवणीला गेलो तर आंबा तोडून नेलेला. त्याच्या पुढच्या साली पाऊसच नाही. मग कधी झाड होतं तर भाकर नाही, भाकर होती तर रिकामी. माझा भाऊ एकदा वैतागून म्हणाला, "आक्का, ती तुझी मैत्रीण मुद्दाम देत न्हाई. आपल्या घरावर राग हाय तिचा." मला कळलं तो कशाबद्दल बोलत होता. तू पहिल्यांदा देवणीला आलीस तेव्हा आईनं तुला वेगळ्या कपात चहा दिला होता. तू प्यालीस, कप धुतलास, पालथा ठेवलास आणि ओढ्याकडं निघालीस. दुसऱ्या खेपेला पिशवीतून स्वतःचा कप काढून आईपुढं ठेवलास. "काकू, ह्यो मोठा हाय. इंदूचा बी चहा ह्येच्यातच वता, आमी दोगी मिळून पितो." आईनं त्यातच चहा ओतला. तिसऱ्या खेपेला तिनं सगळ्यांसारख्याच कपात चहा आणला. भाऊ तसं बोलला आणि मला राहवलं नाही. मी तुला येऊन सरळ विचारलं, खरंच राग आहे का. तू बरणीचं कापड बांधत होतीस. वर न बघता म्हणालीस, "राग हाय की. लई दिवस होता. पर कपाचं उट्टं म्या किड्यावर कामून काढू? त्येनं काय केलंय?" आणि मग गाठ मारून म्हणालीस, "देवणीचा ठिपका मला तुझ्यापरीस जास्त पाहिजे, येडे. म्हणून तर खोटा नको."

मी उठून पातेलं ठेवलं. आपण चहा केला आणि प्यालो.

आभार मानायची आपल्याकडं पद्धत नाही. मैत्रिणीचे आभार मानले तर ती म्हणते, येडी झालीस का. तरी आता मानते, आता तू अडवू शकत नाहीस. वठलेल्या झाडाकडं सरपण म्हणून न बघता थांबून बघायला तू मला शिकवलंस. अर्धं ठेवायला शिकवलंस. आई गेली तेव्हा तू देवणीला येऊन आमच्या चुलीपाशी बसलीस आणि तेरा दिवस घरातल्या बायांना कामाला हात लावू दिला नाहीस. माझं लग्न मोडलं तेव्हा सगळे मला समजावत होते आणि तू म्हणालीस, "चल, किनवटला जाऊ. भाकरी आल्यात म्हणं." आपण गेलो, चिखलात घसरून पडलो, आणि मी किती तरी दिवसांनी हसले. तुझा हट्ट नसता तर मी कधीच दुसऱ्या कशात तरी रमले असते, आणि ती दुसरी गोष्ट काय असती कुणास ठाऊक. बरं झालं बाई, तू हट्टी होतीस.

यंदा पाऊस सरता सरता देवणीहून माझ्या भावाचा फोन आला. ओढ्याकाठची म्हातारी चिंच उन्मळून पडली होती मागंच, तिच्यावर भाकरी आल्यात म्हणाला. तू तेव्हा नांदेडला दवाखान्यात होतीस. मी देवणीला गेले, अर्धी कापली, अर्धी ठेवली, बरणी घेऊन थेट तुझ्या खाटेपाशी आले. तू किती वाळली होतीस. हात नुसता कापडासारखा. बरणी छातीवर ठेवून तू डोळ्याजवळ धरलीस. भाकरीला बारीक बारीक भोकं, तळाशी पिठासारखा भुगा. मी म्हटलं, बघ, हाच आहे, आता तरी मान. तू म्हणालीस, "भुगा नको दाखवू. शिंगं दाखव." मी म्हटलं, फोडू का? आत तयार झाले असतील. मला खरंच फोडायची होती. तुझ्याकडं किती दिवस आहेत ते डॉक्टरांनी तुझ्या भावाला सांगितलं होतं आणि त्यानं मला. तुला कुणी सांगितलं नव्हतं, पण तुला कळलंच असणार. तरी तू मान हलवलीस. "नको. आळ्या असतील तर मरतील. येऊ दे त्येंच्या त्येंच्या वक्ताला." बरणी माझ्या हातात देताना म्हणालीस, "आले की हाक मार मला."

मोहऱ्या आल्या नाहीत. तू गेलीस.

देगलूरहून परत आले त्या दिवशी घरात पाय ठेवताना बरणीची आठवणही नव्हती. चहा टाकला. साखरेच्या डब्याशेजारी बरणी, आणि कापडाला आतून ठिपके ठिपके. मी गॅस बंद केला. भिंग काढलं, चष्मा पुसला. तुझ्यासारखीच मोजायला लागले. वकटी. रेंडू. मूडू. मूडूला शिंगं होती, पंचफुला. दोन. पुढं आलेली, आमच्या बैलासारखी. मी मोठ्यानं ओरडले, "फुले, ये गं लवकर!"

ओरडले, आणि मग कळलं.

ओट्याला टेकून बरीच रडले. चहा गार झाला तो ओतून दिला. मग कपाटातून नकाशा काढला. घड्यांवर फाटलाय, विष्णुपुरीपाशी तुझं ब्लेडचं भोक आहे, लातूरची हद्द अजून पेन्सिलीचीच आहे, पुसट झालीय. काळं पेन घेतलं आणि देवणीवर टेकवलं. इतकी वर्षं भांडले, आता द्यायचा ठिपका, कोण अडवणार? हात चालेना. शिंगं मी बघितली, भावाला बोलावून दाखवीन, कॉलेजातल्या पोरींना दाखवीन, त्यांना पटेलही. पण नियम दोघींचा होता.

शेवटी मी पोकळ गोल काढला, तू तेव्हा देत होतीस तसा. लातूर जिल्ह्यातला पहिला. मोहऱ्या उद्या देवणीला नेऊन त्यांच्या अर्ध्या भाकरीवर सोडते. गोल बरा आलाय, जरा वाकडा आहे. आतून कोराच ठेवलाय. तू बघितल्याशिवाय मी तो कसा भरू?